प्रकार : इतर

सकाळी संघर्ष मर्चंडेने लोअर परळच्या ऑफिसात आपला कॉम्प्युटर उघडला तेव्हा पडद्यावर फुगे उडत होते. लाल, पिवळे, मध्येच एखादा जांभळा. खालून डुलत डुलत वर यायचे, वरच्या कडेला टेकले की फुटायचे, आणि फुटल्यावर त्यांतून चांदीच्या चकत्या सांडायच्या. चकत्यांच्या मागे, लग्नपत्रिकेवर असतात तशा वेलबुट्टीच्या अक्षरांत, लिहिलं होतं : ‘महापरिनिर्वाण दिनाच्या हार्दिक शुभेच्छा!’ उद्गारचिन्ह एका पायावर नाचत होतं. संघर्षच्या तोंडात चहाचा घोट होता. तो गिळायचा की थुंकायचा हे ठरेना, म्हणून तो तसाच गालात धरून बसला. बाबासाहेब गेले तो दिवस. घरी पप्पा पहाटेच उठून पांढरा शर्ट इस्त्री करत होते आणि आई, कुणी सांगितलेलं नसताना, भांडी हळू आवाजात घासत होती. आणि इथे चकत्या. पहिल्यांदा आलं ते हसू, आणि तेही साधं नाही, नाकातून येणारं, वर्गात मास्तर पडल्यावर येतं तसं. ते आवरेपर्यंत चहा गार होऊन घशाखाली गेला. मग त्याने मान वर करून कुणी आपल्याकडे बघतंय का ते पाहिलं.

कारण ती फुग्यांची चौकट त्यानेच लावली होती. कंपनी विम्याची, माणसं देशभर आठ हजार, आणि त्या आठ हजारांना सकाळी कामाला लागण्याआधी जे पान दिसतं त्याचं नाव ‘आंगन’. मराठी अंगण नव्हे. मुख्य कार्यालय मुंबईत असलं तरी ण परवडत नाही. हे पान म्हणजे एक भलीमोठी भिंत आणि तिच्यावर टांगलेल्या चौकटी. धंद्याच्या भाषेत पोर्टलेट. एकीत कँटीनचा मेनू, एकीत वाढदिवस, एकीत चेअरमनसाहेबांचा सुविचार, जो त्यांचा नसतो. कुठली चौकट कुठे टांगायची, तिच्यात माल कुठून यायचा, ती कुणाला दिसायची आणि कुणाला मुळीच नाही, हे बघणं संघर्षचं काम. पप्पांना ते बरेच दिवस कळत नव्हतं. पप्पा, म्हणजे राजाराम मर्चंडे, पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले म्हणून रिटायर झालेले. शेवटी तो म्हणाला, ‘‘तुम्ही रस्त्यातली चावी फिरवायचात ना, कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं, तसंच. फक्त पाण्याच्या जागी बातम्या.’’ पप्पांचा चेहरा उजळला. ‘‘मग प्रेशर नीट ठेव,’’ म्हणाले. ‘‘वरच्या मजल्यावर पोचत नाही कधी.’’

सण-शुभेच्छांच्या चौकटीला माल कंपनीच्या कॅलेंडरातून यायचा. त्या कॅलेंडरात काय नव्हतं? दिवाळी, ओणम, मैत्री दिन, एवढंच काय ‘जागतिक हात धुवा दिन’सुद्धा होता. सहा डिसेंबर नव्हता. दोन वर्षं संघर्ष मागे लागला होता. सुट्टी नको म्हणाला, नुसती नोंद ठेवा. गेल्या आषाढात एकदाचं ‘हो’ आलं, आणि त्या ‘हो’बरोबर एक अडचण आली. नोंद टाकताना ‘प्रकार’ निवडावा लागतो आणि प्रकार तीनच : उत्सव, सुट्टी, इतर. त्याने चौथा मागितला, ‘स्मृतिदिन’. त्याचा टीम लीड हेरंब म्हणाला, ‘‘अरे एका दिवसासाठी कशाला नवीन प्रकार? इतरमध्ये टाक ना.’’ इतरमध्ये टाक. हे वाक्य संघर्षने याआधी कुठे कुठे ऐकलं होतं ते आठवायचं त्याने टाळलं. टाकलं. मग चाचणी म्हणून इतरमध्येच आगीच्या कवायतीची तारीख टाकून बघितली, तर पडद्यावर फुगे आले आणि ‘फायर ड्रिलच्या हार्दिक शुभेच्छा!’ ‘इतर’ला स्वतःचं रूपच नव्हतं. ज्याला रूप नाही त्याने उत्सवाचं घालायचं, अशी सोय कुणी तरी करून ठेवलेली. संघर्षने रीतसर तक्रार नोंदवली. हेरंबने तिच्यावर शेरा मारला, ‘फक्त दिसण्याचा प्रश्न, घाई नाही’, आणि ती तक्रार अजूनही तशीच होती, दिसण्याची वाट बघत.

फुग्यांच्या खाली टाळीचं बटण होतं. चारशेच्या वर टाळ्या पडल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, ‘तुम्हालाही आणि तुमच्या कुटुंबीयांना!’ कोचीच्या शाखेतून कुणीतरी विचारत होतं, यात गोड काय करतात? आणि उजव्या हाताला, अगदी खेटून, दुसरी चौकट, तीही संघर्षनेच आदल्या दिवशी लावलेली : ‘वाहतूक सूचना. आज दादर परिसरात प्रचंड गर्दी. कृपया टाळावे.’ डावीकडे शुभेच्छा, उजवीकडे टाळावे. दोन्ही चौकटी सारख्या मापाच्या, कडा जुळलेल्या. कामात कुठे खोट नव्हती. तेवढ्यात मागून अर्णव नावाच्या सेल्समधल्या पोराने त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘‘हॅपी महापरिनिर्वाण, ब्रो! पार्टी कधी?’’ अर्णव वाईट नव्हता. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. ‘‘थँक्यू,’’ संघर्ष म्हणाला. शब्द तोंडातून गेला आणि मग त्याला तो ऐकू आला.

पाच-सहा वर्षांचा असताना पप्पांच्या खांद्यावर बसून तो दादरला गेला होता तेव्हा शिवाजी पार्कच्या कडेला एक फुगेवाला उभा होता. एवढी माणसं बघून तो आपला आशेने आला असणार. त्याला कुणी सांगितलंच नसेल. संघर्षने वरून बोट दाखवलं. पप्पा म्हणाले, ‘‘आज नाही. चौदा एप्रिलला घेऊ.’’ ‘‘आज का नाही?’’ ‘‘एप्रिलला आले. आज गेले. आल्याला फुगा, गेल्याला नाही.’’ एवढंच. तो रडलाही नाही, कारण त्या रांगेत कुणीच मोठ्याने काही करत नव्हतं. हजारो चपलांचा फक्त घासत जाणारा आवाज, आणि पप्पांच्या डोक्याचा, खोबरेल आणि घामाचा, वास. पुढच्या एप्रिलला पप्पांनी आठवणीने फुगा घेतला होता, निळा. पाच वर्षांच्या पोराला एका वाक्यात कळलेला फरक आठ हजार माणसांच्या पोर्टलला कळवायला दोन वर्षं, एक मीटिंग आणि तीन प्रकार लागले, आणि तरी कळला नाही. हे मनातल्या मनात म्हणताना त्याला ते फार छान सुचल्यासारखं वाटलं, आणि छान वाटल्याची लगेच शिसारी आली. स्वतःच्याच दुःखावर टाळीचं बटण लावायची सवय त्याला या नोकरीत लागली होती.

चौकट त्याने उतरवली. तोवर हेरंब आला होता. हेरंब शिवाजी पार्कचा, तिसऱ्या पिढीचा. दरवर्षी पाच डिसेंबरला त्याच्या घरचे सगळे लोणावळ्याला जातात आणि सातला घरासमोरचा फूटपाथ पालिकेने धुतला की परत येतात. यंदा तो एकटा मागे राहिला होता, कामाच्या निष्ठेने. ‘‘संघर्ष, मॅडमनी बोलावलंय. टेन्शन नको घेऊ. तुझ्यावर काही येणार नाही,’’ तो म्हणाला, तेव्हा संघर्षला पहिल्यांदा कळलं की काहीतरी येऊ शकत होतं.

मृणालिनी मॅडम म्हणजे ‘एम्प्लॉयी एक्सपिरियन्स’च्या प्रमुख, पूर्वी त्याच खुर्चीला ‘एस्टॅब्लिशमेंट’ म्हणायचे. गिरगावात वाढलेल्या, बोलायला गोड. काचेच्या खोलीत त्यांनी त्याच्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. ‘‘मी इतकी सॉरी आहे ना संघर्ष, मला सांगता येत नाही. आमच्या घरात हे कधीच नव्हतं हं. माझ्या आजोबांनी तर त्या काळात, भांडीवाल्या बाईंनासुद्धा आमच्याच सेटमधल्या कपातून चहा द्यायचा, असा नियम केला होता. कप वेगळा असायचा, पण सेट तोच.’’ संघर्षने मान हलवली. सेट तोच, हे खरंच होतं. कप वेगळा, हेही खरं होतं. ‘‘तर आपल्याला काय करायचंय,’’ मॅडम पुढे सरकल्या, ‘‘कुणी काही बोलायच्या आत आपणच बोलायचं. आणि मी बोलण्यापेक्षा तू बोललास तर ते किती मनापासूनचं वाटेल! होम पेजवर, सगळ्यात वर, एक छानशी चौकट. तुझा फोटो, तुझे शब्द.’’ त्याचे शब्द हेरंबने लिहून आणले होते. ‘मी, संघर्ष मर्चंडे, समाजाच्या वतीने सांगू इच्छितो की आजच्या किरकोळ तांत्रिक चुकीमुळे आमच्यातल्या कुणाचंही मन दुखावलेलं नाही. उलट कंपनीने आमच्या दिवसाची दखल घेतली याचा आनंद आहे.’ फोटोही काढून ठेवलेला होता, ट्रॅडिशनल डेचा : केशरी कुर्ता, हातात पुरणपोळी, सगळे दात बाहेर.

‘‘कुणाचंही हे जरा…’’ संघर्ष म्हणाला. ‘‘मी सगळ्यांना विचारलेलं नाही.’’

‘‘अरे, असं कोण विचारतं?’’ हेरंब हसला. ‘‘शब्दशः नको घेऊस रे. बाय द वे, जानेवारीत तुझी कन्फर्मेशनची फाइल जातेय ना मॅडमकडे? बस, आता ही दोरी बदलायचीच आहे.’’ संघर्षच्या गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी पिवळी होती, बाहेरच्या ठेकेदाराकडून आलेल्यांची. पर्मनंटांची निळी. सहा वर्षं तो पिवळा होता. घरी आई लग्नाचं बघताना पाहुण्यांना ‘निळी होणारच आहे’ असं सांगत होती, जणू काही रंगकाम चालू आहे.

‘‘चौकट आजच लागली पाहिजे हं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘उद्या तिला अर्थ नाही.’’

कॉफीच्या मशीनपाशी नम्रता पवार होती, पगारखात्यातली. निळी दोरी. ऑफिसात तिला सगळे शहाण्णव कुळी समजायचे. तिने कधी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही. ती चिंचपोकळीची आणि तिची आई आणि संघर्षची आई एकाच विहारात वंदनेला बसायच्या, हे ऑफिसात फक्त संघर्षला माहीत होतं. त्याने तिला फोनवर मजकूर दाखवला. तिने वाचला, आणि कॉफीचा कप मशीनखालून काढायला विसरली; कॉफी काठावरून वाहायला लागली.

‘‘आमच्यातल्या कुणाचंही,’’ ती म्हणाली. ‘‘त्यात मी आले का रे?’’

‘‘तू बोलणार आहेस का काही?’’

‘‘नाही.’’

‘‘मग?’’

‘‘मग काय मग? बोलले नाही म्हणजे काही वाटलं नाही असं आहे का? सकाळी ते फुगे बघून मी बाथरूममध्ये जाऊन आले. परत आले तर शेजारची म्हणते, नम्रता, तुमच्याकडे हा सण करतात का गं? मी म्हटलं, नाही.’’ तिने टिश्यूने हात पुसले, एकेक बोट. ‘‘नाही म्हटलं मी, संघर्ष. आणि खोटं पण नव्हतं ना. सण कुठे करतो आपण.’’

‘‘तूच सांग ना मॅडमना मग. दोघांनी सांगितलं तर…’’

‘‘तू संघर्ष आहेस. तुझं नावच बोलतं, तू गप्प बसलास तरी. मी पवार आहे, मला तोंड उघडावं लागेल.’’ ती जायला निघाली आणि वळली. ‘‘पण माझ्या वतीने काही टाकू नकोस हां. तुला नोकरी पाहिजे, घे. त्यात मला नको घेऊस.’’

जागेवर येऊन त्याने नवी चौकट उघडली. रुंदी, उंची, कडेला कुठला रंग. केशरी कुर्त्यातला स्वतःचा चेहरा त्याने माऊसने धरला आणि पानावर ओढत आणला. वाटेत तो चेहरा कँटीनच्या मेनूवरून गेला, वाढदिवसांवरून गेला, आणि सगळ्यात वर, जिथे सकाळी फुगे होते, तिथे थपकन बसला. स्वतःला असं शेंडी धरून ओढत आणण्यात एक गंमत होती, पण ती नेमकी कुणाची हे त्याला सापडेना. नाही म्हणता येईल का? नाही म्हणणारी माणसं त्याने पाहिली होती; पप्पांनी एकदा एका नगरसेवकाच्या गल्लीला जास्तीचं पाणी सोडायला नाही म्हटलं होतं आणि बदली होऊन तीन वर्षं पहाटे भांडुपला जात होते. घरी ते ही गोष्ट सणासुदीला सांगायचे. संघर्षला त्यातलं आठवायचं ते नाही म्हणणं नव्हे. अंधारात स्टोव्ह पेटवणारी आई आठवायची.

आणि मग खाली परवानगीचा रकाना आला. ‘ही चौकट कोण पाहू शकेल?’ आपोआप भरलेलं होतं : सर्व कर्मचारी. बोट आपलं आपण तिथे गेलं. त्याने ‘सर्व’ काढलं आणि तिथे दोन नावं टाकली, मृणालिनी मॅडम आणि हेरंब. एवढंच. तिसरं आपोआप राहिलं, त्याचं स्वतःचं. ते खोडायला गेला तर पोर्टल म्हणालं, ‘मालकाची परवानगी काढता येत नाही.’ आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला कशाचा तरी मालक म्हटलं होतं. त्याने ‘लागू करा’ दाबलं. आठ हजार माणसांच्या पानावर त्या जागी चेअरमनांचा सुविचार वर सरकला, आणि दोघांच्या पानावर संघर्ष मर्चंडे समाजाच्या वतीने हसू लागला.

अर्ध्या तासात मॅडमचा फोन. ‘‘इतकं सुंदर झालंय ना! आणि बघ, एकही उलट प्रतिक्रिया नाही. सगळे शांत आहेत. लोकांना मनापासूनचं कळतंच.’’ हेरंबने तर येऊन खांदा दाबला. जिन्यात नम्रता भेटली. ‘‘मघापासून चार वेळा पान उघडून बघितलं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘नाही टाकलंस. मला वाटलं नव्हतं तुझ्यात आहे एवढं.’’ तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं ज्याच्याकडे त्याला बघवेना. तो ‘बरं’ म्हणाला आणि पायऱ्या उतरला. म्हणजे नोकरी राहिली आणि मानही राहिला, ज्याला जे पान हवं होतं ते त्याला मिळालं. कामात कुठे खोट नव्हती. 

ऑफिस सुटल्यावर तो पायीच दादरला गेला. पप्पा दुपारपासून रांगेत होते. फोनवर जागा सांगितली होती, पुस्तकांच्या मांडवांच्या पुढे, पाणपोईच्या समोर. संध्याकाळचा उजेड उतरत होता. पप्पा पांढऱ्या शर्टात ताठ उभे, आणि मागे डोक्यावरून पदर घेतलेली यवतमाळकडची एक म्हातारी बाई, पायांना धुळीचे मोजे चढलेले, जिच्याशी त्यांची एव्हाना चांगलीच ओळख झालेली दिसत होती. ‘‘हाच तो,’’ पप्पा म्हणाले. ‘‘मघाशी सांगितलं ना. याने कंपनीच्या पडद्यावर सहा डिसेंबर चढवला. आठ हजार माणसं रोज बघतात.’’

‘‘जय भीम, बापू,’’ बाई म्हणाली. ‘‘लय मोठं काम केलं लेकरानं.’’

‘‘जय भीम,’’ संघर्ष म्हणाला.

‘‘दाखव ना रे यांना.’’

‘‘इथे नेट नाही पप्पा.’’

‘‘मघाशी तर मला यांच्या नातवाने फोनवर गाणं ऐकवलं. दाखव की.’’ मग हळू आवाजात, ‘‘मी सगळ्या रांगेला सांगून बसलोय रे. खोटं पडायला नको.’’

त्याने विचार केला की सरळ कॅलेंडर उघडावं. तिथे नोंद होती, साधी, काळ्या अक्षरांत, फुग्यांविना. तेवढी दाखवून फोन खिशात टाकावा. पण आंगन फोनवर उघडलं की आधी मुखपृष्ठच येतं, आणि फोनवर चौकटी शेजारी शेजारी बसत नाहीत, एकाखाली एक येतात, सगळ्यात वरची आधी. चाक फिरत असतानाच पप्पांनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि खिशातला चष्मा लावला. पान उघडलं. अख्ख्या पडद्यावर केशरी कुर्ता.

पप्पा वाचताना स्वतःशीच पुटपुटतात, शब्दाखाली बोट ठेवून. ‘‘मी… संघर्ष मर्चंडे… समाजाच्या वतीने…’’ इथे ते थांबले आणि त्यांनी चष्म्यावरून रांगेकडे पाहिलं, पुढे समुद्रापर्यंत, मागे जिथवर दिसते तिथवर. जणू मोजत होते, किती जणांच्या वतीने. मग पुन्हा बोट ठेवलं आणि बाकीचं मनात वाचलं. ओठ हलत राहिले. ‘किरकोळ’वर बोट जरा रेंगाळलं. ‘आनंद आहे’शी थांबलं.

‘‘काय लिवलं हाय, भाऊ?’’ बाईने विचारलं.

‘‘चांगलं लिहिलंय,’’ पप्पा म्हणाले. आवाज अगदी नेहमीचा होता. ‘‘बाबासाहेबांबद्दल आहे. इंग्रजीत आहे.’’ त्यांनी चष्मा काढला, मिटला, खिशात ठेवला, आणि फोन संघर्षच्या हातात दिला, पडदा खाली करून. रांग दोन पावलं सरकली. दोघं सरकले.

‘‘काय चूक झालेली?’’

‘‘फुगे आले होते. शुभेच्छांचे. सकाळी.’’

पप्पांनी शर्टाची बाही खाली ओढून सरळ केली. मग म्हणाले, ‘‘हे कोणाकोणाला दिसतं?’’

‘‘कुणालाच नाही पप्पा, खरंच.’’ शब्द घाईने बाहेर पडले, जवळजवळ आनंदाने, कारण हे एकदा कुणाला तरी सांगायचं होतं. ‘‘मी तसं करून ठेवलंय. फक्त मॅडम, आमचा लीड आणि मी. तिघंच. बाकी आठ हजारांत एकालाही दिसत नाही.’’

‘‘म्हणजे मी चौथा.’’

पाणपोईवरच्या मुलीने दोघांपुढे पाण्याचे ग्लास धरले. पप्पांनी घेतला, मागच्या बाईला दिला, आणि स्वतः दुसरा घेतला नाही.

‘‘काढून टाकतो,’’ संघर्ष म्हणाला. ‘‘आत्ता, इथेच. एक मिनिट लागतं.’’

‘‘काढ,’’ पप्पा म्हणाले. ‘‘मी वाचलंय.’’